चालून दाखवा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं न्हाई. तुमाला सांगतो — तुमी माझं काय वाकडं करणार?

परभणीत माजी सैनिकांच्या पेन्शनचे कागद ज्या टेबलावरून पुढं जातात, तिथं मी कारकून होतो. बोरीचे नामदेवराव सुभेदार अपंगत्वाच्या पेन्शनसाठी यायचे. नोकरीत असताना बर्फात पडून गुडघा गेलेला. पाय ओढत जिना चढायचे, पण दारात आले की कडक 'जय हिंद!' — अन् अख्खं ऑफिस उठून उभं राहायचं. साहेबसुद्धा. माझ्यासाठी कधी शिपाई तरी उठला का हो?

आन् मी कोण? भरतीत पळताना उलटी करून मैदानात बसलेला गडी. फौजेनं परत पाठवलेला. आता एक फौजी माझ्या टेबलापुढं उभा — सोडतो व्हय?

कागद पुरे होते. तरी मी म्हणायचो, आणखी डॉक्टरी पुरावा पाहिजे. ते निमूट जायचे, नवा एक्स-रे घेऊन यायचे. मी पुन्हा परत पाठवायचो. मजा यायची — खोटं कशाला बोलू?

शेवटी साहेब वैतागले. म्हणाले, त्यांची चाल बघा आन् शेरा लिहून मोकळे व्हा. आता इथंच... सांगतोच. फौजी माणूस चारचौघांत लंगडत न्हाई, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी सगळ्यांना व्हरांड्यात गोळा केलं आन् ओरडलो — "सावधान! तेज चल!"

सुभेदार ताठ झाले. छाती काढून, टाचा आपटत पार टोकापर्यंत गेले. ओठ दाताखाली, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला — पण एकदाही लंगडले न्हाईत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. मग शेरा लिहिला — चाल ठीक, आणखी वैद्यकीय पुरावा आवश्यक.

जिन्यात त्यांची बायको थांबली होती. तिथं पोचले आन् मटकन पायरीवर बसले.

"लय दुखायलाय का हो?"

"दुखू दे. साहेब खुश झाले बघ. आता काम झालंच समज."

तिनं तो पाय दोन्ही हातांनी उचलला, खालच्या पायरीवर ठेवला. मग पुढच्या. मी वरून बघत होतो. शेरा बदलावा असं मनात आलं का? न्हाई आलं.

पेन्शन त्यांना अजून मिळाली न्हाई. मी रिटायर झालो, माझी सुरू हाय. परवा बाजारात दोघं दिसले. मला बघताच सुभेदारांनी काठी बायकोच्या हातात दिली, ताठ उभे राहिले आन् भर बाजारात सॅल्यूट ठोकला.

लोक वळून बघायला लागले. मीपण ताठ झालो, सॅल्यूट घेतला.

बरं वाटलं मला.