पिंजाऱ्याचं बंद दार

मेढ्याच्या इलियास पिंजाऱ्यानं चाळीस उन्हाळे गाद्या भरल्या, पण ऊन कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नव्हतं. डोंगरातलं गाव ते; वैशाखातही दुपारी वारा सुटायचा. पंखा बंद, दारं-खिडक्या बंद करून तो आत कापूस पिंजायचा. दार उघडलं की कापूस घरभर! म्हणून पिंजाऱ्याचं दार कुणी उघडायचं नाही, हे पोराटोरांनाही माहीत. हा रिवाज मोडायची ती एकटी त्याची बायको, शाहजादी. तासाला दार किलकिलं करून पाण्याचा तांब्या आत सरकवायची आणि वर विचारायची, "हायसा का गेलासा?" इलियास चिडायचा.

दोन वर्षांपूर्वी तीच गेली. मेढ्यात तयार गाद्या आल्या, काम आटलं. पोरगा तारिक ट्रक घेऊन मुलूखभर फिरतो. बापाच्या वाट्याला त्याची रविवारची फोनवरची पाच मिनिटं. शेवटी ओळखीतून निरोप आला, तसा इलियास पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून कवठे महांकाळला गेला. तिथल्या राजमतीअक्कांना नातीच्या लग्नात हातानं पिंजलेलीच गादी द्यायची होती. त्यांनी परसातली पत्र्याची खोली दिली आणि बजावलं, "इलियासभाई, बारा ते चार काम करायचं न्हाई. आमच्याकडं रानातली माणसंबी तवा सावलीला असत्यात."

"ऊन काय आमच्याकडं पडत न्हाई व्हय, अक्का?" तो हसला. मनात म्हणाला, आळशी दिसतात लोक.

तिसऱ्या दिवशी पारा त्रेचाळीसवर होता. इलियास भर बाराला दार लावून बसला. आधी घामानं निथळला. मग घाम थांबला, तर गडी खूश! आता कापूस भिजणार नाही म्हणे. मग डोकं जड झालं, हात धनुकलीच्या तातीवरून सुटायला लागला. तो दाराकडं बघत राहिला. तांब्या येणार नाही हे कळत होतं, तरी बघत राहिला. शाहजादीला मातीआड केलं त्या दिवशीही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

बाहेर धनुकलीचा आवाज बंद पडला. अक्कांची सून दारावरून दोनदा गेली, पण पिंजाऱ्याचं दार कोण उघडणार? अक्का आल्या, कडीला हात लावला, मागं घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दार ढकललंच. कापूस त्यांच्या केसांत, तोंडात गेला. इलियास ढिगावर आडवा होता, अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत सलाईन चालली. अजून थोडा उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. अक्कांनी तारिकला फोन लावून दिला.

"अब्बा, त्या भट्टीत कशाला गेलासा? माघारी जावा मेढ्याला. तिथं गार हाय."

"गार हाय रं," इलियास म्हणाला, "पर तिथं दार कोण उघडंल?"