हारामागचा परवाना

वडील गेले तेव्हा त्यांचा धड फोटो घरात नव्हता. होता तो सावकारीच्या परवान्यावर चिकटवलेला, काचेच्या चौकटीत. तेराव्याला बायकोनं तीच चौकट पाटावर ठेवून हार घातला, आणि नंतर मी ती हारासकट बीडच्या आमच्या दुकानात पुन्हा टांगली.

आजवर हे एका माणसाखेरीज कुणाला सांगितलं नाही, आता सांगतो. परवाना वडिलांच्या नावाचा होता. माणूस गेला की तोही संपतो, लेकाला नवा काढावा लागतो. अर्ज, फी, पोलिसांचा दाखला. पुढच्या महिन्यात काढू, असं म्हणत मी दोन वर्षं त्या हाराखाली बसून दागिने गहाण ठेवून घेतले.

त्यात जवळच्या पालीच्या एका मावशीची बोरमाळ होती, तिच्या आईची. शेळ्या घ्यायला ठेवलेली. दर महिन्याला व्याज द्यायची आणि माळ बघायला मागायची. "हाय ना रे जागेवर?" परवान्याशिवाय मला माळ ठेवायचाही हक्क नाही, व्याज घ्यायचाही नाही, हे तिला सांगावं असं दर वेळी वाटायचं. दर वेळी मी तिला चहा पाजायचो.

एके दिवशी ती माळ बघत असताना तपासणीचे साहेब आले.

"परवाना कुठंय?"

माझा हात भिंतीकडे गेला. साहेबांनी हारातून तेवढाच दिसणारा फोटो पाहिला, चप्पल काढली, हात जोडले.

"वडील का?"

"हो."

"बरं. आता परवाना दाखवा."

"त्योच की साहेब," मावशी पायरीवरून म्हणाली. "हारामागं हाय. सरकवून बघा. पन मेलेल्या मानसाचा हार परक्यानं हलवू न्हाई म्हनत्यात. मागं एकानं हलवला, तर..."

साहेबांचा वर गेलेला हात खाली आला. शेरा लिहिला: परवाना दर्शनी भागात लावलेला आढळला.

माझ्यासाठी म्हातारी खोटं बोलली, या विचारानं पुढचे चार दिवस जेवण जाईना. पाचव्या दिवशी माळ घेऊन रिक्षानं पाली गाठली. तिनं आभार मानले तर काय म्हणायचं, हे वाटेत घोकून ठेवलं होतं. शेळ्यांच्या गोठ्यापुढं उभा राहून सगळं कबूल केलं आणि माळ तिच्या हातात ठेवली.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "समद्या पेठंला ठावं हाय."

"मग साहेबापुढं मला कावून वाचवलं?"

"तुला? आरं, दुकानाला सील लागलं असतं तर माजी माळ कचेरीत गेली असती. तितून कोन काढून देनार व्हतं? तुझा बाप?"

तिनं माळ गळ्यात घातली, एकेक मणी चाचपला. घोकलेलं वाक्य बोलायची वेळ आली असं मला वाटलं.

"आन दोन वर्सं घेतलेलं व्याज?"

मी खिसे उलटे केले. राहिलेलं पुढच्या आठवड्यात, म्हणालो. वळलो तेव्हा लक्षात आलं, परत जायला रिक्षाचं भाडंही उरलं नव्हतं. तिनं कनवटीची नोट काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही उसनी हाय," ती म्हणाली. "आन माज्याकडं परवाना न्हाई बरं का."