मोहल्ल्याचं नाव

आईनं केलेल्या पोळ्या शिपायानं शाळेच्या फाटकापाशी गाईला घातल्या. मी माइकसमोर उभी होते आणि मला ते दिसत होतं. हातात कागद होता. कागदावर पहिलं वाक्य होतं, 'हम सब एक हैं.'

मी ते म्हटलं. थांबले नाही, अडखळले नाही. घाबरलेलं पोर पाठ केलेलं फार छान म्हणतं.

तेव्हा मी सहावीत होते. भोपाळमधली कारखान्याची टाउनशिप. बाबा टेक्निशियन, नागपूरहून आलेले. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं पेरूचं झाड. बाबांनी आडनाव कापून टाकलं होतं. कागदोपत्री आम्ही सगळे कुमार. निळ्या कोटातली तसबीर आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला, पाहुण्यांच्या नजरेस पडणार नाही अशी. कोणी विचारलं, आप लोग कौन हो, तर 'महाराष्ट्रीयन' एवढंच सांगायचं. बाबा म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची.

हिंदीवाल्यांची एवढी भीती नव्हती. त्यांच्या लेखी मराठी म्हणजे मराठी, विषय संपला. भीती होती आपल्या माणसांची. मराठी मंडळाच्या बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या, तेव्हा आई दोन दिवस आधीपासून गप्प व्हायची. तिथं कोण काय विचारेल, आपल्या तोंडून कुठला शब्द निसटेल, याची ती मनात उजळणी करायची. मी तिचा हात धरून जायचे. तो हात गार असायचा.

आणि ती मूठ मीच उघडली.

शाळेत एकता दिवस होता. प्रत्येक राज्याचं एक टेबल, त्यावर त्या राज्याचं खाणं. बाईंनी वर्गात विचारलं, किसकी मम्मी क्या बनाएँगी? पंजाबच्या मुलीनं सांगितलं, केरळच्या मुलानं सांगितलं. मला राहवलं नाही. मी हात वर केला आणि म्हणाले, माझी आई उलट्या मडक्यावर पोळी करते, हातांवर लांबवत लांबवत, कोपरापर्यंत. बाई खूश झाल्या. मम्मीला इथंच येऊन करायला सांग म्हणाल्या.

घरी सांगितलं तेव्हा आईच्या तोंडचं पाणी पळालं. "काहून सांगतलं वं तू?" एवढंच म्हणाली. बाबा बराच वेळ पेपरमागून बाहेर आले नाहीत. पण बाईंनी बोलावलं होतं. नाही म्हटलं तर का नाही, हाही प्रश्नच. शेवटी आईनं पोत्यात मडकं गुंडाळलं.

मैदानाच्या कडेला विटांची चूल मांडली. आई जरीकाठी साडी खोचून बसली. पातळ सैल कणीक उचलायची, या हातावरून त्या हातावर झुलवायची, रुमालासारखी पातळ झाली की मडक्यावर टाकायची. पोरांची ही गर्दी. सरदारजींची पोरं टाळ्या वाजवत होती. आईला हसू फुटलं. नागपूर सोडल्यापासून तिला लोकांत असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बरं झालं सांगितलं.

मग मंडळाच्या सुलभाकाकू आल्या. काकांची बदली पुण्याहून झालेली, ते कारखान्यात मोठे इंजिनियर. काकू मऊ आवाजात बोलायच्या. कधी कुणावर ओरडल्या नाहीत.

"छान जमतं हो तुम्हांला," त्या म्हणाल्या. "नागपुरात कुठल्या मोहल्ल्यात राहायचात?"

आईचे दोन्ही हात कणकेत. उजळणी केलेलं सगळं त्या क्षणी विसरली. तिनं मोहल्ल्याचं नाव सांगितलं. खरं.

"अच्छा," काकू म्हणाल्या आणि हसल्या.

बस. जातीचा शब्द कुणी उच्चारला नाही. आजवर कुणी उच्चारलेला नाही. काकू बाईंच्या कानाशी लागल्या. पोळ्या कच्च्या राहिल्यात, मुलांची पोटं बिघडतील, असं काहीतरी. पोळ्यांची टोपली टेबलावरून खाली गेली, खालून शिपायाच्या हातात, तिथून फाटकाशी. टेबलावर काकूंचे अनारसे तेवढे राहिले. चुलीत जाळ होता, पण आईला पुढची पोळी टाक म्हणणारं कोणी नव्हतं. आणि भाषणाच्या स्पर्धेसाठी माइकवर माझं नाव पुकारलं गेलं. अनेकता में एकता.

मला पहिलं बक्षीस मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनंही वाजवल्या. तिच्या हातांवरची कणीक वाळली होती, ती टाळीबरोबर झडत होती.

दुसऱ्या दिवसापासून काकूंची मुलगी डब्याला माझ्याशेजारी बसेना. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. बाबा म्हणाले, चूप राहा, नोकरी करायची आहे. आईनं मडकं कपाटावर ठेवलं. भोपाळमध्ये तिनं ती पोळी पुन्हा केली नाही.

मी मोठी झाले, सरकारी नोकरीला लागले, भोपाळमध्येच, तुलसी नगरात क्वार्टर मिळालं. भीती माझ्यासोबत त्या क्वार्टरमध्ये राहायला आली. मूळ कुठल्या तुम्ही, असं कुणी विचारलं की आजही माझे पाय गार पडतात. चाळिशी उलटलेली बाई मी. मला स्वतःची चीड येते.

गेल्या आठवड्यात मुलीनं शाळेचा कागद आणला. विविधता दिवस. पालकांनी येऊन आपल्या संस्कृतीबद्दल बोलायचं. खाली रकाना होता. "मम्मा, हम क्या लिखें? आपण कोण?" तिनं विचारलं. मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हणाले, महाराष्ट्रीयन लिही.

तिनं लिहिलंसुद्धा. तिचं अक्षर पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. बाबांची मूठ मी तिच्या हातात देत होते.

पालकसभेत मॅडम म्हणाल्या, "देखिए, खाना, पहनावा, नाच, बस. जात-पात की बात बच्चों के सामने नहीं."

मी उभी राहिले. समोरची खुर्ची धरली. "मैडम, मैं रोटी बनाऊँगी," मी म्हणाले. "कोई मोहल्ला पूछेगा. मोहल्ला बताया तो जाति आएगी. मैं बता दूँगी."

दोन बायकांनी मोबाइलमध्ये मान घातली. मॅडम म्हणाल्या, सोचकर बताते हैं. अजून कळवलेलं नाही. त्यांनी नाही म्हटलं तरी मी जाणार आहे. फाटकाबाहेर चूल मांडीन.

काल कपाटावरून आईचं तेच मडकं उतरवलं, ते तिच्यासोबत इथं आलं होतं. आई आता माझ्याकडेच असते, तिचे हात कापतात, पण तोंडानं सांगत होती, मी करत होते. पहिल्या दोन फाटल्या. तिसरी जमली. आई ती हातात धरून बघत राहिली.

"अन् कोनी नाई खाल्ली त?" तिनं विचारलं.

"तर घरी आणू," मी म्हणाले. "आपण खाऊ. गाईला नाही घालू देणार."

मुलीकडून कागद मागून घेतला. महाराष्ट्रीयन शब्दाच्या पुढं, पेनानं, बाबांनी कापलेलं आडनाव लिहिलं. त्याखाली मोहल्ल्याचं नाव. अक्षर वाकडं आलं. वाकडं तर वाकडं. ते मी आता खोडणार नाही.