मंत्रीसाहेबांसाठी गावाचं फूल

मी गोंदियातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि मुर्रीला राहते. माहेर देवरीकडच्या जंगलपट्ट्यात. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच असतात, म्हणून शनिवारी शाळा सुटली की मी बस पकडते. जानेवारीतल्या अशाच एका शनिवारी गावच्या सरपंचबाई घरी आल्या. वयानं माझ्याहून लहान, सून म्हणून या गावात आलेल्या.

“ताई, पंचायत गावाचं एक फूल ठरवून राहिली,” त्या म्हणाल्या. “मंत्रीसाहेबांच्या आठवणीत. पाटीवर, शिक्क्यावर, लेटरपॅडवर तेच राहील. चित्र तुम्ही काढून द्या.”

मंत्रीसाहेब आमच्याच गावचे. बरीच वर्षं आमदार होते, एकदा मंत्री झाले, गेल्या पावसाळ्यात वारले. ते आणि बाबा एका वयाचे, एका वर्गातले. दोघांच्याही घराण्यांनी पूर्वी तलाव बांधले होते. पण तलावाच्या पाण्यावरून एकदा भर सभेत दोघांचं वाजलं आणि त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत बाबांनी त्यांच्या विरोधात प्रचार केला. आमच्या घरात मंत्रीसाहेबांचा विषय निघत नसे. म्हणून हो म्हणण्याआधी मी बाबांकडे पाहिलं. ते ओसरीवर दोरी वळत बसले होते.

“काढून दे,” ते म्हणाले. “गावचा माणूस होता. त्यात विचारायचं काय?”

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर गावच्या शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. साहेबांच्या पत्नीला पुढे खुर्ची दिली होती. सरपंचबाईंनी विषय मांडला आणि पहिलं नाव आलं ते कमळाचं, कारण आमचा तलाव कमळांनी भरलेला असतो. लगेच मागून कोणीतरी म्हणालं, “कमळ नको. निवडणूक येऊन राहिली, सारे म्हणतील पंचायत पक्षात गेली.” हसू उठलं. गुलाब कोणी सुचवला तर तो आपल्या मातीतला नाही म्हणून मागे पडला. झेंडूचं नाव घेताच साहेबांच्या पत्नीच मान हलवून म्हणाल्या, “झेंडूचे हार घालून घालून त्यांची मान दुखे.”

तेवढ्यात बाबा उठले. पाण्याच्या त्या भांडणानंतर ते ग्रामसभेत कधी बोलले नव्हते, निदान मला आठवतं तसं नाही.

“मोहाचं फूल घ्या,” ते म्हणाले. “एका सालची गोष्ट आहे. मोह वेचून येणाऱ्या आपल्या गावच्या बाया जंगल खात्याच्या नाक्यावर अडवल्या होत्या. टोपल्या ठेवून घेतल्या. हा तेव्हा मंत्री नव्हता, नुसता आमदार. बातमी आली तसा सायकल घेऊन गेला आणि नाक्यासमोर रस्त्यावर बसला. म्हणे, बाया सुटल्याशिवाय उठत नाही. मी देवरीहून येऊन राहिलो होतो. त्याले पाहिलं, आणि बाजूले जाऊन बसलो. संध्याकाळी बाया सुटल्या, टोपल्याबी भेटल्या. आम्ही दोघं आपापल्या वाटेनं घरी आलो. बाकी जिनगीभर आमचं पटलं नाही. पण ते काम त्यानं केलं.”

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. साहेबांच्या पत्नीही बाबांकडे पाहत होत्या. त्यांनाही बहुधा माहीत नव्हतं.

मग बचत गटातली एक बाई उभी राहिली. गावातल्या दारूच्या भट्ट्या बंद करायला बायकांचा जो मोर्चा निघाला होता, त्यात ती पुढे होती.

“मामाजी, तुम्ही सांगता ते खरं असंल,” ती म्हणाली. “पण मोहाच्या दारूनं माह्या घरचा माणूस गेला. दाखल्यासाठी पंचायतीत येईन तेव्हा ते फूल मी पाटीवर पाहू काय?”

तिनं आवाज चढवला नव्हता.

“नाही,” बाबा म्हणाले. “तुह्यं बरोबर आहे. हे माह्या ध्यानातच आलं नाही.” आणि ते खाली बसले.

आता काय, असं सरपंचबाईंच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी साहेबांच्या पत्नीलाच विचारलं, “तुम्हीच सांगा, त्यांना कोणतं फूल आवडायचं?”

“आवडाबिवडायचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “पण मुंबईहून आले का गाडी तलावाच्या पाळीवर थांबवत. तिथं परसा आहे, त्याच्या खाली बसत. घरी नंतर येत. मी चहा घेऊन वाट पाहत राहायची.”

आमच्याकडे पळसाला परसा म्हणतात आणि तलावाच्या बांधाला पाळ. कोणाचीच हरकत निघाली नाही. हात वर झाले, बचत गटाच्या बाईचाही झाला, बाबांचाही.

घरी जाताना मी विचारलं, “बाबा, नाक्याची गोष्ट कधी सांगितली नाही.”

“सांगितली असती तर मी त्याच्या विरोधात मतं कशी मागितली असती, बाई?” ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

फेब्रुवारीच्या शेवटी पाळीवरचा परसा फुलला. मी सकाळी खाली बसून त्याची फांदी चितारली. कागदावर ती चांगली दिसली. शिक्क्याला मात्र एवढ्या रेषा चालणार नाहीत, असं पंचायतीच्या बाबूनं सांगितलं. मी पाकळ्या कमी केल्या. बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, “हे पाखराची चोच झाली. फूल कर.” शेवटी एकच फूल काढलं, उमलायला आलेलं. रंगाचा प्रश्न आपोआप मिटला, कारण शिक्का जांभळ्या शाईचा.

होळीनंतर नव्या पाटीचं उद्‌घाटन झालं. भाषणं आटोपल्यावर साहेबांच्या पत्नी बाबांजवळ आल्या आणि म्हणाल्या, “आज जेवूनच जा.” मला वाटलं, बाबा काहीतरी कारण सांगतील. ते म्हणाले, “चला.”

त्यांच्या स्वयंपाकघरालगतच्या खोलीत आम्ही पाटावर बसलो. भात, वरण, वांग्याची भाजी. भिंतीवर साहेबांचा हार घातलेला फोटो होता, पण त्यांच्याविषयी दोघांपैकी कोणीही बोललं नाही. बाबांनी विचारलं, औंदा उन्हाळी धान लावलं का. त्या म्हणाल्या, लावलं, पण तलावात गाळ फार झाला, पाणी पुरत नाही. बाबा म्हणाले, गाळ काढायचा तर एप्रिलातच काढावा लागेल, नंतर ट्रॅक्टर भेटत नाहीत. “तुम्ही सरपंचबाईले बोलता काय?” त्यांनी विचारलं. “बोलतो,” बाबा म्हणाले, आणि आणखी भात घेतला.