अर्धी वाटी घोळाणा

सकाळी साडेसहाला दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, प्रयागचे यजमान. नेकनूरला त्यांचं पाण्याच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करून द्यायचं दुकान आहे, आणि फोनवर बोलायचं म्हणजे त्यांना संकटच. "ताई, प्रयाग गेली," एवढं म्हणाले आणि थांबले. मी फोन ठेवणार तेवढ्यात पुन्हा म्हणाले, "लगेच निघू नका. कायतरी खाऊन निघा. आज इथं तुमाला जेवायचं कुनी इचारनार न्हाई." खरं सांगते, मला त्यांचा रागच आला. माझी तीस वर्षांपासूनची... नाही, अठरा वर्षांपासूनची मैत्रीण गेली होती, पण मैत्री तीस वर्षांची वाटायची. आणि हा माणूस मला खाऊन निघा सांगतो. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की ते वाक्य त्यांचं नव्हतंच. ते प्रयागचं होतं. तिच्या घरात राहून माणूस दुसरं काय बोलणार? मी उपाशीच गेले. उपाशीपोटी धड रडताही येत नाही, असंही तीच म्हणायची, आणि त्या दिवशी ते खरं ठरलं.

अठरा वर्षांपूर्वी मी बीडहून नेकनूरच्या शाळेत बदलून गेले, त्या पहिल्याच दिवशी मांजरसुंब्याच्या घाटात बस अशी काही वळली की डब्यातलं वरण पिशवीत, पिशवीतून साडीवर आणि साडीवरून शेजारच्या आजोबांच्या धोतरावर. मधल्या सुट्टीत मी दोन कोरड्या पोळ्या पुढ्यात घेऊन बसले होते. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी कुणापुढे हात पसरायचा नाही, हा माझा बाणा. समोरून एक ठेंगणी, सावळी बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. हीच प्रयाग, तिथली शिक्षिका. "कावून कोरडं खायलाव, मॅडम?" मी म्हटलं, वरण सांडलं, आता काहीच नाही. तर ती उठलीच. "काहीच न्हाई असं कधी ऱ्हात नसतं. नीट बघितलं न्हाई म्हना." शाळेमागं मुलांनी मेथीचा वाफा केला होता. तिथून मूठभर कोवळी मेथी खुडून आणली, धुतली, हातानंच मोडली. स्वतःच्या डब्यातला कांदा बुक्कीनं फोडला. शिपाईमामांकडून भाजके शेंगदाणे मागून घेतले आणि पेल्याच्या बुडाखाली भरडले. माझ्या डब्यात लोणच्याची एक फोड होती, तिचं तेल निथळून घेतलं. सगळं ताटलीत कालवलं आणि मग एकदम हात थांबवून म्हणाली, "बसा नीट. पोळीचा तुकडा मोडून हातात धरा. मंग मीठ टाकते."

याला आमच्याकडे घोळाणा म्हणतात. लांबची माणसं कोशिंबीर म्हणतील, पण कोशिंबीर दह्यात शांत पडून राहते, घोळाण्याला तेवढा दम नसतो. मीठ पडलं की कच्च्या पाल्याला पाणी सुटतं आणि बघता बघता तो मान टाकतो. म्हणून मीठ सगळ्यात शेवटी, तेही माणसं बसल्यावर. कुणी हात धुवायला गेलेलं असलं तर प्रयाग चिमटीत मीठ धरून तशीच थांबायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना तिनं, "साहेब, आधी बसा, मंग बोला," असं सुनावलं होतं. साहेब बसले. दुसऱ्यांदा मागून खाल्लं आणि आमच्या वह्या तपासायचं विसरून गेले.

मी गणित शिकवत असे, आणि माझा स्वभाव आमच्या वर्गातल्या मुलांना विचारा. डब्यात काकडी न्यायची तर तिच्या चकत्या एका जाडीच्या झाल्या पाहिजेत, टोमॅटोच्या फोडी आठच. प्रयागनं माझं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. "हे खायला आनलंस का चित्रकलेच्या तासाला?" म्हणून माझ्या चकत्या ती उचलायची आणि सुरीच्या मुठीनं चेचून तिच्या ताटलीत टाकायची. "चेपल्याबिगर मीठ आत जात न्हाई. मानसाचंबी तसंच." हे शेवटचं माझ्यासाठी असायचं. महिन्याभरात आमचं अगं-तुगं सुरू झालं. मी तिला किती माप, किती प्रमाण असं विचारत राहायची आणि ती म्हणायची, माप घरात जे हाय तेवढं. पावसाळ्यात वाळकाच्या काकड्या, हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला, करडईचा पाला, शेतातून कुणी आणून दिली तर पाथरीची रानभाजी. उन्हाळ्यात हिरवं काही नसलं की कांदा, कैरी, मूठभर फुटाणे. एका वर्षी गावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. पालेभाजी धुवायला पाणी कुठून आणणार? त्या दिवसांत तिनं धुवायलाच लागणार नाही अशा वस्तू शोधल्या. कांद्याचा पापुद्रा काढला की झालं, लसूण सोलली की झालं. शिळ्या भाकरीचा चुरा, त्यात कांदा, कारळाची चटणी, वरून कच्चं तेल. शाळेतले आम्ही सहा जण त्या एका ताटाभोवती बसायचो. बाहेर सगळं करपून गेलेलं असताना आमच्या तोंडात काहीतरी कुरकुरीत वाजत होतं, याचा मला आजही अचंबा वाटतो.

मग तिला तो आजार झाला. नाव लिहीत नाही, कारण घरात तिनंही ते कधी घेतलं नाही, "ते" म्हणायची. मोठ्या शहरातल्या इस्पितळात औषधं चढवून घ्यायची आणि पुढचे दहा दिवस घरी पडून राहायची. डॉक्टरांनी कच्चं खाणं पूर्ण बंद केलं होतं. पोटात जंतू जातील, अंगात ताकद नाही, सगळं शिजवून द्या. दाजींनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत "कच्चे देणे बंद" असं लिहून तो स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी तो कागद दाखवायचे. प्रयाग हसायची. "मुगाची खिचडी, मऊ भात, दुधातली भाकर. दात कशाला दिलेत देवानं, त्येलाच इचारते आता." मी दाजींच्या बाजूची. नियम म्हणजे नियम.

शेवटचं भेटले तो रविवार होता. दाजी दुकानावर गेले होते. मी पलंगाशेजारी बसले. ती इतकी बारीक झाली होती की उशीवर डोकं ठेवलेलं कळत नव्हतं. बाहेरून शेजारीण ओरडली, करडईचा पाला ठेवलाय ओट्यावर, आणि प्रयागचे डोळे उघडले. "फूटपट्टे, घोळाणा कर."

"कागद वाच दारावरचा."

"एक घास. तेवढाच."

"बरी हो. ताटभर करू."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. "मंग तू कर आन् तू खा," म्हणाली. "मला बघू तरी दे." मी उठले. मी पाला धुतला, दोनदा धुतला, उगीच. तिच्याच डब्यातलं कूट घेतलं, एक कांदा, अर्धं लिंबू, करडीचं तेल. ती पडल्या पडल्या सांगत होती, देठ काढ, कांदा कापू नको फोड, तिखट जरा हात सोडून टाक. मीठ टाकलं आणि तिच्या समोर वाटी घेऊन बसले. ज्यानं कधी कुणाच्या नजरेसमोर असं खाल्लं असेल त्यालाच कळेल. प्रत्येक घासाला तिचा घसा हलत होता. निम्मी वाटी झाली आणि पुढं जाईना. ती म्हणाली, "राहू दे. झाकून ठिव हितंच, ह्येंनी आल्यावर खातील." मी स्टुलावर वाटी ठेवली, वर ताटली झाकली आणि चारच्या बसला पळाले. पदर धरून म्हणाली होती, "छान केलास." तिनं माझ्या हातच्या घोळाण्याला छान म्हटलं ते तेवढं एकदाच.

त्यानंतर वीसेक दिवसांनी तो फोन.

तेरावा झाला, त्यांची मुलगी पुण्याला परत गेली, आणि पुढच्या रविवारी मी नेकनूरला गेले. दाजी एकटेच होते. चहा त्यांनीच केला. मग ते म्हणाले, "त्या दिवशी तुमी करून खाल्लेला घोळाणा... लई कौतुक करायली होती. म्हनली, ताईनं वाटी चाटूनपुसून खाल्ली, मला ठिवलाबी न्हाई." ते किंचित हसले. "मी आलो तवा वाटीत लिंबाची बी तेवढी होती."

मी निम्मी वाटी ठेवून गेले होते, आणि ती त्यांच्यासाठी म्हणून ठेवली होती. मला सांगितलं एक, त्यांना सांगितलं दुसरं, आणि आम्हा दोघा पहारेकऱ्यांच्या मधून बाईनं आपला घास काढून नेला होता. लगेच मनात आलं, तेच तर बाधलं नसेल? गणिताच्या बाईंना खोटं बोलता येत नाही. मी सगळं सांगून टाकलं. वाटी, ताटली, स्टूल, माझी बस. "दाजी, माझ्यामुळं तर नाही ना झालं?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "न्हाई ताई. त्याच्या आधीच्या खेपेलाच डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हनले व्हते, आता त्यांना जे खावंसं वाटंल ते द्या." आपल्याकडे या वाक्याचा अर्थ शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही कळतो. "मी कुनालाच सांगितलं न्हाई. कागद काढला असता तर तिला समजलं असतं. म्हनून तसाच ठिवला. तिनं तुमाला घास मागितला, मलाबी मागितला... मी दिला न्हाई." मग एकदम वर बघून त्यांनी विचारलं, "म्हंजे तिला ठावं होतं का वो, ताई?"

मी म्हटलं, "नाही दाजी. तिला भूक लागली होती, एवढंच." गणिताच्या बाईंना खोटं बोलता येत नाही असं मी वर लिहिलं आहे, ते खोडत नाही.

तो कागद अजून दारावर आहे. कोपरे पिवळे पडलेत, एक टोक सुटलं आहे. दाजी तो काढत नाहीत आणि काढा असं मीही म्हणत नाही. रविवारी जाते, त्याच्या शेजारून स्वयंपाकघरात शिरते, काय आहे काय नाही बघते. आम्ही जेवतो, पण माझं लक्ष त्या स्टुलाकडेच जातं. तिला तो घोळाणा मिळाला ना, असं म्हणून लोक माझी समजूत घालतात, आणि मिळाला हे खरंच आहे. पण मी निघाले चारला, दाजी आले सहाला. मीठ पडून, पाणी सुटून, पार मलूल झालेला तो पाला तिनं एकटीनं, दाराकडे कान लावून खाल्ला असेल. तसला घोळाणा तिनं आयुष्यात कधी कुणाच्या पानात पडू दिला नव्हता. मी समोर बसले होते, ताजी वाटी माझ्या हातात होती. मी थांबू शकले असते. नेकनूरहून बीडला पुढची बस पाचला असते.