गोडीच्या पाण्यातलं वरण

आधीच सांगून ठेवतो, मी विज्ञानाचा मास्तर आहे. नोकरी अकोल्याला. पोरांनी वर्गात भुताचं नाव काढलं तर मी बाकावर उभं करतो. तरी हे लिहायला बसलोय, कारण दोन उन्हाळे उलटले आणि मला उत्तर सापडत नाही…

आमचं गाव दर्यापूरकडं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. जमीन काळी, कसदार, पण खालचं पाणी खारं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. कितीही उकळा, दाणे टणकच्या टणक. पण आमच्याकडे एक दगडी विहीर आहे — गोडी. एके काळी आख्ख्या पट्ट्यात गोडं पाणी फक्त तिला! आसपासच्या गावांच्या बैलगाड्या पिंपं घेऊन यायच्या, आणि आमच्या लोकांनी कुणाला रिकामं परत पाठवलं नाही. दोर ओढून ओढून काठाच्या दगडाला चर पडलेत, आख्खं बोट आत जातं. आमच्याकडे किल्ला नाही, राजवाडा नाही. हे चर आहेत. पाहुणा आला की मी आधी तेच दाखवतो.

पुढे नळ आले, गोडीचं पाणीही खारं झालं. मग रस्ता रुंद व्हायचं ठरलं आणि विहीर आली मधे. पाहणीला आलेले साहेब माणूस चांगले. म्हणाले, "पाणी उपयोगाचं असतं तर रस्ता वळवता आला असता." मी पाण्यातले क्षार मोजायचं मीटर बुडवून बघितलं. खारं. खोटं कसं बोलणार?

तेवढ्यात सिंधूकाकू पुढे झाली. माझी सख्खी चुलती, तिच्यापुढे गावात कुणी ब्र काढत नाही.

"साहेब, उद्या आमच्याइथं जेवाले या. गोडीच्या पान्यात वरन शिजवीन. शिजलं त ठेवा, नाई शिजलं त बुजवा."

साहेब हसून हो म्हणाले. मी काकूला बाजूला घेतलं.

"काकू, काहून असं बोलली?"

"तू चूप राय. तुयं मीटर तुयापाशीच ठेव."

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप फिल्टरच्या पाण्याची कॅन घेऊन गेलो. होय, फसवायलाच! काकूनं ती सरळ बैलांपुढे ओतली. "गोडीच्या इज्जतीचा सवाल हाये. तिले खोटी पाडतं काय?"

घागरभर पाणी मी स्वतः शेंदलं. चुलीपाशीही मीच बसलो. कुकर नाही, सोडा नाही — कमेंटमध्ये ते लिहायचे कष्ट घेऊ नका. साहेब ओसरीवर, दारात अर्धं गाव. पाणी उकळलं. डाळ टणक. आणखी लाकडं लावली. टणकच. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. काकू उठली, तिनं पातेल्यात रवी घातली आणि… रवी फिरली! डाळ पार लोणी झाली होती.

"माय वं!" दारातून कुणीतरी ओरडलं.

साहेब वरणावर वरण घेत राहिले. जाताना नकाशा काढला आणि विहिरीला वळसा घालणारी रेघ मारली. मला रडू आलं, सांगतो ना. सगळ्या गावासमोर.

ते गेल्यावर मी घागरीत उरलेल्या पाण्यात मीटर बुडवलं. खारं! आदल्या दिवशीसारखंच. नंतर त्याच पातेल्यात, त्याच चुलीवर, गोडीच्याच पाण्यात कितीदा तरी डाळ लावून बघितली. एकदाही शिजली नाही. रसायनशास्त्रातल्या मित्राला विचारलं, तो म्हणाला, आधी जेवायला बोलाव. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर खरंच सांगा, मी हात टेकलेत.

आता रस्ता झालाय. आमच्या गावाशी एसटी कलते आणि गोडीला वळसा घालून जाते. दर वेळी माझी छाती फुगते.

परवा काकूला पुन्हा विचारलं, हे झालं कसं? ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"पाहुना जेवाले आल्ता ना बाप्पा. गोडीनं कोनाले रिकामं धाडलं हाये कधी?"