तिसऱ्या रविवारची हरकत

उज्जैनला निघताना घरी सांगितलं, की चर्चच्या वेदीसाठी भैरवगढचं छापील कापड आणायचं आहे. बायको डबा भरता भरता म्हणाली, "नगरात कापडाचा दुष्काळ पडलाय वाटतं. एस्तेरला भेटून या, म्हणजे झालं." अकरा वर्षांत आमच्या घरात हे नाव कोणी घेतलं नव्हतं. मी खाली मान घालून स्टँड गाठला.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत आहे का, ते विचारतात. सहसा कोणी हूं की चूं करत नाही. आमच्या मंडळीतल्या एस्तेरच्या तिसऱ्या रविवारी मी उभा राहिलो. आठवडाभर आधी मनमाड स्टेशनवर तिच्या होणाऱ्या नवऱ्याला मी एका बाईबरोबर पाहिलं होतं, कडेवर मूल घेऊन. मी चर्चचा पंच, शाळेत मास्तर, शिवाय सत्याचा मोठा कैवारी! "या माणसाला बायको आहे, मूल आहे," असं भर मंडळीत सांगितलं. ती त्याची विधवा भावजय होती, हे महिन्याने कळलं. तोवर वराकडच्यांनी अपमान झाला म्हणून लग्न मोडलं होतं आणि एस्तेर नर्सची नोकरी धरून उज्जैनला गेली होती. मी पाळकसाहेबांजवळ खासगीत चूक कबूल केली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि घरी येऊन जेवलो. हे लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

धुळ्याहून पुढे सेंधव्याच्या घाटात बस बंद पडली. रस्त्याकडेला परदेशी थंड पेयाची नवीकोरी पाटी झळकत होती, प्यायला साधं पाणी मात्र कुठे मिळेना. त्या दोन तासांत मी एस्तेरपुढे बोलायचं भाषण चार वेळा घोकलं. इंदूरला बस बदलून सकाळी उज्जैनच्या देवास गेट स्टँडला उतरलो.

समोरच्या गाड्यावर पोहे-जलेबी घेतली. पोह्यांवर शेव आणि जीरावन (तिखट-आंबट मसाला) इतकं भुरभुरलं होतं, की पोहे शोधावे लागले. गाडेवाल्याने विचारलं, "महाराष्ट्र से? दर्शन करने आए हो बाबूजी?" मी बेधडक "हो" म्हणालो. माफी मागायला आलेला माणूस गावात पाय ठेवताच खोटं बोलला. जित्याची खोड!

एस्तेर माधवनगरात एका मराठी कुटुंबाकडे भाड्याने राहते. घरमालकीणबाईंनी दार उघडलं. "सिस्टर तर सकाळीच भैरवगढला निघून गेल्या. आज त्यांचा दवाखान्याचा दिन आहे ना. तुम्ही टेम्पो पकडून घ्या, अर्ध्या तासात पोहोचून जाल."

भैरवगढात क्षिप्रेच्या काठी लाल-काळी कापडं वाळत पडली होती. दवाखाना विचारायला एका छीप्याच्या (कापडावर ठसे उठवणाऱ्या कारागिराच्या) ओसरीवर थांबलो. म्हाताऱ्याचा ठसा नेमका तेव्हाच तिरका पडला. मी चुकचुकलो. त्याने शेजारी दोन ठसे जरा कलते मारले आणि तिरक्या पानाची वेल करून टाकली. "अब बताओ, गलती कहाँ है?" म्हणून तो हसला. मला तर जिवंत दृष्टांतच सापडला! माणूस चुकतो, देव त्याची वेल करतो. भाषणाला आयता शेवट मिळाला म्हणून मी खूश होऊन दवाखान्याकडे निघालो.

दवाखाना म्हणजे एक खोली. रंगाने हात फुटलेल्या बाया ओळीने बसलेल्या, आणि मधे एस्तेर मलमपट्टी करत होती. केस निम्मे पांढरे झाले होते. तिने मला ओळखलं. "बसा, मास्तर. नाश्ता झाला?" एवढंच म्हणाली. शेवटची बाई गेल्यावर मी भाषण सुरू केलं. भावांनी विहिरीत टाकून परदेशी विकलेला भाऊ पुढे दुष्काळात त्यांनाच जगवतो, ती बायबलातली गोष्ट सांगितली. वेलीचंही सांगितलं. "देवाच्या मनात तुला इथेच आणायचं होतं बघ," मी म्हणालो. "या बायांना तू हवी होतीस. माझी चूकसुद्धा त्याने वापरून घेतली."

ती कापसाची गुंडाळी आवरत राहिली.

"देवानं मला इथं आणलं, हे मी रोजच म्हणते, मास्तर. पण ते मी म्हणायचं. त्या गोष्टीत विहिरीतला भाऊ तसं म्हणाला. टाकणारे तसं नाही म्हणाले."

"मला माफ कर," एवढेच तीन शब्द माझ्या तोंडून कसेबसे निघाले. अकरा वर्षांत ते मी तिला म्हटलेच नव्हते.

"माफ तर कधीच करून दिलं. त्याच्याशिवाय दिवस निघत नव्हता. पण आई अजून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते. बायका म्हणतात, मुलीचंच काहीतरी असेल. तुम्ही बोललात सगळ्यांसमोर, उभं राहून. आणि माफी मागता इथं येऊन, बसून?"

मग तिने स्वतःच्या डब्यातले बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) आणि डाळ माझ्यापुढे सरकवली. तुपात चुरून खाल्ले. नको म्हणायचं तोंड नव्हतं.

कापड घ्यायचं विसरलोच. नगरला परतल्यावर बायकोने त्याबद्दल विचारलं नाही.

पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवलं होतं. त्या रविवारी कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाची सूचना वाचली गेली, कोणाची हरकत नव्हती, आणि मग मी उभा राहिलो. वधूचा बाप पांढराफटक पडला. माझं उभं राहणं कोणी विसरलं नव्हतं तर! "या लग्नाबद्दल नाही," मी घाईने म्हणालो. "अकरा वर्षांपूर्वी मी इथेच एस्तेरच्या लग्नाला हरकत घेतली. ती खोटी होती. त्या माणसाला बायको नव्हती. मी चौकशी केली नाही, आणि खरं कळल्यावर गप्प बसलो. एस्तेरचा काहीही दोष नव्हता." देवाच्या योजनेबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते बोलायचा हक्क माझा नव्हता.

उपासना सुटल्यावर एस्तेरची आई दाराशी काठी टेकून उभी होती. गुडघ्यांमुळे तिला तीन वर्षांत लेकीकडे जाता आलं नव्हतं. शिव्या देईल असं वाटलं. मीही त्या तयारीने थांबलो.

"तू बघून आलास तिला," ती म्हणाली. "कशी आहे रे माझी पोर?"

खुशाल आहे, सुखात आहे, असं अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं.

"केस निम्मे पांढरे झालेत," मी म्हणालो. "हात कामात वाकबगार आहेत. आणि तिने मला जेवू घातलं. मी एवढंच पाहिलंय, मावशी."